तुंबा परत देताना
पायसांदू शहरातला कातडी कमावण्याचा कारखाना बंद पडला आणि तिथला कामगार वील्मार अंगणात नुसता बसून राहायला लागला. एका सकाळी शेजारच्या नेलिदाबाईंनी फाटकी खुर्ची त्याच्यापुढे आदळली. "तोंड पाडून काय बसलायस? हिची बैठक शिवून दे. माते मी पाजते." माते म्हणजे तिकडचा कडू पाल्याचा चहा, भोपळ्याच्या तुंब्यात भरून नळीने ओढायचा.

मग ते रोजचंच झालं. गल्लीतल्या खुर्च्या, दप्तरं, चपला त्याच्या दारात येऊ लागल्या. तो टाके घालायचा, बाई तुंबा भरून द्यायच्या, तो नळीने कडू माते ओढून तुंबा परत करायचा. पण आभार त्याने एकदाही मानले नाहीत. तुंबा परत देताना आभार मानले की 'आता पुरे' असं तिथे समजतात, आणि त्याला तर ती सकाळ संपायलाच नको असायची.

हिवाळा सरताना त्याच्या हातची खुर्ची बघून एका खोगीरवाल्याने त्याला कामावर बोलावलं. त्या सकाळी वील्मारने पहिलाच तुंबा संपवला आणि परत देत हळूच म्हणाला, "आभारी आहे, नेलिदाबाई."

बाईंनी त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं.

"म्हणजे काम लागलं," त्या म्हणाल्या आणि तुंबा पुन्हा काठोकाठ भरला. "एवढ्या दिवसांचं साठलेलं एका शब्दात उरकतोस होय? बस."