दूधआईची शपथ

सुगीमागून सुगी पाण्यात गेली, गाई आटल्या, तेव्हा आयर्लंडातल्या त्या लहानशा राज्यातल्या जाणत्यांनी ठरवून टाकलं की भूमी राजावर रुसली आहे. राजा म्हणजे भूमीचा नवरा. संसार बिघडला, तर त्याला सीमेवरच्या दलदलीत तिच्या स्वाधीन करायचं, ही रीत. पाऊस काय राजाला विचारून पडतो? पण हे बोलायची हिंमत कुणाची नव्हती.

राजाचं शेवटचं जेवण दूधआईच्या हातचं. म्हणून राजा फिआखा लासरच्या घरी आला. नात्यानं ती त्याची काकू. रीतीप्रमाणे तान्हेपणीच तो तिच्याकडे वाढायला आला, आणि तिचा पोटचा एर्नान दूर मामाकडे गेला. एर्नानच्या वाटचं दूध फिआखा प्यायला.

तिनं जवाची पेज आणि ताक पुढं ठेवलं. मग सुरी काढली.

"कान पुढं कर."

"काय गं आये, लहानपणी नुसता पिळायचीस, आता कापतेस होय?"

"थट्टा पुरे. व्यंग असलेला राजा भूमीला चालत नाही. कान गेला की तू राजा नाहीस. मग कोण नेतंय तुला?"

फिआखानं कानाला हात लावून पाहिला. जगायचं त्यालाही होतं.

"आणि माझ्या जागी कोण?"

लासरनं सुरी तशीच धरून ठेवली. पुढचा मान एर्नानचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. उपाशी राहिलेली भूमी मग त्यालाच मागणार.

"आये, तो दारात उभा आहे गं," फिआखा हळूच म्हणाला. राजाला न्यायला एर्नानच आला होता. फिआखानं तिच्या हातातून सुरी काढून घेतली, ताक संपवलं आणि उठला.

दलदलीच्या काठावर लोकांनी त्याच्या दंडांना भोकं पाडून त्यांतून ओल्या डहाळ्या ओवल्या. ज्या छातीला ओठ लावून सगळ्यांनी निष्ठेची शपथ वाहिली होती, तिचीच बोंडं कापली. आता त्या छातीवर कुणाची शपथ उरली नाही. मग वार केले आणि त्याला काळ्या पाण्यात खुंट्यांनी दाबलं. लासर काठावर उभी राहून पाहत होती.

तिथंच एर्नानला राजा केलं. त्यानं अंगावरचं घोंगडं बाजूला सारलं. लोक रांगेत उभे राहिले. पहिली शपथ आईची. ती जवळ आली तेव्हा तिच्यापुरतंच ऐकू जाईल असं त्यानं विचारलं,

"सुरी काढलीस, तेव्हा मी आठवलो होतो का तुला?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण आज तिला खोटं बोलवेना.

"आठवला होतास."

एर्नानचे डोळे भरून आले. मान मात्र ताठच होती.

"बरं. वाक आता, लोक खोळंबलेत."

लासर वाकली, आणि ज्या पोराला तिनं कधी पाजलं नव्हतं, त्याच्या छातीला तिनं ओठ लावले.