सावळेरामांचे पखवाजाचे हात

रामकृष्णहरी, मित्रांनो! मी एक म्हातारी चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची इंजिनाची करवत. पिंपरी पेंढारच्या बायका मला ‘सावळेरामाची बोंबली’ म्हणतात. म्हणोत बापड्या, माझा आवाजच तसा आहे!

जन्म माझा परदेशी कारखान्यातला. नव्वदच्या सुमारास माझ्या मालकांनी, सावळेरामांनी, मला पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं. कानशीनं माझ्या साखळीला धार लावली, पेट्रोलमध्ये बेतानं ऑइल मिसळून पाजलं. चालू करायच्या दोरीला हिसका देताना ते ‘विठ्ठल’ म्हणायचे. तिसऱ्या विठ्ठलाला मी हमखास बोलायची. बांधावरच्या वाळल्या बाभळी आम्ही दोघांनी मिळून कापल्या.

पण माझ्यात एक खोट होती. माझ्या काळच्या करवतींच्या मुठीखाली रबर नसे. इंजिनाची सगळी थरथर धरणाऱ्याच्या हातात जायची, बोटं बधिर व्हायची. आणि सावळेराम तर कीर्तनात पखवाज वाजवायचे! म्हणून सप्ताह बसला की ते मला हात लावत नसत.

एका चैत्रात सप्ताह चालू असतानाच वळवाच्या वादळानं देवळापुढची चिंच पडली, नेमकी कीर्तनाला बसायच्या जागेवर. संध्याकाळी कीर्तन होतं. सावळेरामांनी मला उचललं, तशा त्यांच्या मालकीणबाई लंकाबाई आडव्या आल्या.

“अवो, सांच्याला पखवाज कोन वाजवनार? बोटं मुकी झाली म्हंजी?”

“बसायला जागाच न्हाई, तर पखवाज काय तुज्या चुलीपुढं वाजवू?”

विणेकरी चिमाजी हसला. “वहिनी, आमच्या कुऱ्हाडीच्या भरवशावर ऱ्हायलात, तर कीर्तन दिवाळीला व्हईल!”

दुपार कलेपर्यंत आम्ही चिंच कापून बाजूला केली. लंकाबाईंनी ऊन पाण्यात सावळेरामांचे हात शेकले. तरी कीर्तन उभं राहिलं आणि त्यांचा पहिलाच ठेका चुकला. दुसराही सुटला. देवळाच्या ओट्यावर पडल्या पडल्या मी ऐकत होते. वाटलं, माझी साखळी तुटली असती तर बरं!

कीर्तनकार बुवा थांबले. “सावळेरामभाऊ, देवाला काय एस्टी गाठायची न्हाई. चाल संथ धरू. तुमी नुसता तळहात ठेवा. ठेका आज गाव देईल.”

आणि मित्रांनो, अख्ख्या गावानं टाळी धरली! पोरंसोरं, म्हाताऱ्या, सगळी. त्या संथ चालीत अभंगाचा शब्द न् शब्द माझ्यासारख्या लोखंडालाही कळला. सावळेरामांचे डोळे भरून आले, पण चेहरा हसरा होता.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली आणि थोडं कापून थोडं बसायची सवय लावून घेतली. पुढं दोन हजार चारला हलकी नवी मशीन आली, तेव्हा मला पुसून, तेल देऊन फळीवर ठेवलं. मी इथं सुखात आहे. देवळातला पखवाज ऐकू येतो, अजून खणखणीत.

मित्रांनो, यंत्राला तेलपाणी जरूर करा. पण दिवसातून एकदा ते धरणाऱ्या हातालाही विचारत जा, “बाबा, दमलास का?”