एक्केचाळीस वेळा

बाबांसाठी मी स्वतः एडिटर, म्हणजे संगणकावर लिहायचा प्रोग्रॅम, तयार केला तो कौतुकाने नव्हे, वैतागून. चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि त्या धंद्यावर पुस्तक लिहायला घेतलं. विकतच्या प्रोग्रॅममध्ये रोज काहीतरी बिघडवून ते मला ऑफिसात फोन करायचे. मी दिवसभर लोकांचे प्रोग्रॅम दुरुस्त करते, संध्याकाळी बाबांचा. शेवटी म्हटलं, हे पुरे झालं.

त्यांच्या एडिटरमध्ये अक्षरं बोराएवढी, पडद्यावर एका वेळी सहाच ओळी. खरा जीव मी ओतला होता तो शोधात. शब्द टाइप करायला लागलं की पहिल्या अक्षरापासूनच पडदा तिकडे सरकायचा, सापडलेला शब्द पिवळा व्हायचा, एंटर दाबला की पुढचा. शोध सोडून दिला की जिथे लिहीत होतो तिथेच परत. इतर प्रोग्रॅममध्ये शेवट आला की एक चौकट उघडते, 'पुन्हा सुरुवातीपासून शोधू का?' अशी चौकट दिसली की बाबा दोन्ही हात वर करून मला हाक मारायचे. म्हणून मी ती काढूनच टाकली. शेवट आला की शोध गुपचूप पहिल्या पानावर जाऊन पुन्हा सुरू. या हुशारीचं मला फार कौतुक वाटलं होतं.

पुस्तक पूर्ण झालं. सोमवारी ते छापायला जाणार होतं आणि शनिवारी दुपारी मी घरी गेले होते. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. घालता घालता तिने सहज विचारलं, "पुस्तकात मी आहे का हो कुठे?"

हे सहज नव्हतं, एवढं मला तरी कळलं. आमच्या दुकानात बाबा कुलपं उघडायचे आणि आई कानशीने चाव्या घासायची. तीस वर्षं. मोडकी चावी नुसती बोटांनी चाचपून ती तिची जोडी बनवायची. गिऱ्हाईक मात्र पैसे देताना बाबांनाच शाबासकी द्यायचं.

"म्हणजे काय? पानापानावर आहेस तू," बाबा म्हणाले.

"बघू."

बाबांनी 'पत्नी' असं टाइप केलं आणि एंटर दाबत मोठ्याने मोजायला लागले. ते मजकुराकडे बघतच नव्हते, नुसता पिवळा रंग चमकला की आकडा. आई हातात शर्ट धरून त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली. विसाच्या आसपास माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि हातातला कप तसाच राहिला.

"एक्केचाळीस. अजून संपतच नाहीये, माझं बोट दुखलं."

"पुरे, कळलं," आई म्हणाली. थोड्या वेळाने आतून मावशीशी फोनवर चाललेलं तिचं बोलणं ऐकू आलं. "एक्केचाळीस वेळा. हो अगं, स्वतः मोजले त्यांनी." इतक्या खुशीत मी तिला कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. मग म्हणाली, "छापून आलं की वाचेन ना. पहिल्या पानापासून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती वाचणार, आणि तिला कळणार. आणि हे सगळं माझ्या त्या एका हुशारीमुळे.

रविवारी सकाळी आई बाजारात गेलेली बघून मी बाबांच्या मशीनवर नवा एडिटर टाकला. "शोधात थोडी सुधारणा केलीय. 'पत्नी' टाकून बघा."

त्यांनी टाकलं. कोपऱ्यात बारीक आकडा आला, '३ पैकी १'.

"हे बिघडलंय," बाबा म्हणाले.

"काल बिघडलेलं होतं. शेवटी पोचलं की ते न सांगता परत सुरुवातीला जात होतं. तुम्ही तेच तीन शब्द फिरून फिरून मोजलेत."

"म्हणजे काल ते खोटं बोललं."

"खोटं नाही बोललं. गप्प बसलं. चूक माझी आहे, बाबा."

त्यांनी एंटर दाबत तिन्ही जागा वाचल्या, या वेळी खरोखर वाचल्या. पहिल्या जागी पत्नी दुकानात डबा घेऊन आली होती. दुसऱ्या जागी पत्नी आजारी असल्याने दोन दिवस दुकान बंद होतं. तिसरी जागा आभारांमध्ये, माझ्याबरोबर. बाबा परत दुसरीवर गेले आणि तिथेच थांबले.

"मला ताप असला तरी दुकान उघडं असायचं," ते म्हणाले. "मग हिच्या आजारपणात मी बंद का ठेवलं होतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि प्रकाशकांना फोन केला. काही चुका राहिल्यात, तीन आठवडे द्या, एवढंच बोलले.

फोन ठेवून मला म्हणाले, "सगळ्या 'मी'चं एकदम 'आम्ही' करता येतं का गं?"

"एका बटणात. बाकीची वाक्यं तेवढी हाताने सुधारावी लागतील."

त्यांनी विचार केला. "एकदम नको. काही ठिकाणी मी खरंच एकटा होतो. तिलाच विचारायला लागेल."

मग मी पूर्ण शब्द शोधायची सोय केली, कारण 'कमी' आणि 'नेहमी' यांच्या पोटातलेही 'मी' सापडायला लागले. ते वगळल्यावर आकडा आला, '६१२ पैकी १'. बाबांना स्वतःचीच लाज वाटली असावी, ते कान खाजवत बसले.

पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा आई त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून शेंगा सोलत बसली होती.

"पेढीची तिजोरी. इथे होतीस का?"

"होते. चावी तीनदा घासली मी. पहिल्या दोन तुम्ही वाकवल्यात."

बाबांनी ते लिहिलं. पुन्हा एंटर. "न्यायाधीशांचं दार?"

"तिथे नव्हते. तेव्हा ही पोटात होती," माझ्याकडे मान उडवत आई म्हणाली. "पण चावी मी घरी बसून घासली होती. तेही लिहा."

बाबा मुकाट्याने लिहीत होते. चाळीस वर्षांत त्यांनी आईला इतके प्रश्न विचारले नसतील. पुढचा 'मी' नेमका त्या डब्याच्या ओळीत निघाला. आईने मान वर केली.

"हा डबा त्या दिवशी चौदा वेळा आला होता," ती म्हणाली.

बाबांचा हात थांबला. मी आईकडे बघतच राहिले.

"बघताय काय? पोरीने अक्षरं केवढाली करून ठेवलीयत, दारातूनसुद्धा वाचता येतात. डबा, आजारपण, आभार. डबा, आजारपण, आभार."

"मग मावशीला एक्केचाळीस कशाला सांगितलंस?" मी विचारलं.

"तिला सांगायला माझं काय जातंय?"

"पण मला तरी थांबवायचंस," बाबा म्हणाले.

आईने एक शेंग सोलून दाणे वाटीत टाकले. "तुम्ही मला शोधत होतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मध्ये कशाला बोलू?"

बाबांनी ती डब्याची ओळ खोडली, एंटर दाबला आणि विचारलं, "इथे होतीस का?"

"होते," आई म्हणाली.