गाठीतले तांदूळ

डुंगरसिंगने गाडी थेट गवतावर घातली, तेव्हाच जैंतीने ओळखलं की आज भांडण होणार. कापून पसरलेलं ते गवत दोन दिवसांत गंजीला लागणार होतं. पहाडातला माणूस कितीही माजला तरी दुसऱ्याच्या वाळत्या गवतावर पाय देत नाही. हा चार चाकं घेऊन चढला होता.

गाडीतून आधी डुंगर उतरला. जैंतीचा धाकटा दीर, हल्द्वानीत जमिनींची दलाली करणारा, बोटात चार अंगठ्या. त्याच्यामागून गुडगावचे सबरवाल साहेब उतरले, आणि सगळ्यांत शेवटी पटवारी लोहनी, मोजणीची फीत काखेत मारून. पटवाऱ्याला इथे यायची मुळीच हौस नव्हती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

सबरवाल उत्तरेकडे तोंड करून उभा राहिला. कार्तिकातली स्वच्छ हवा, समोर बर्फाची सगळी रांग उघडी पडलेली.

"इथे काचेची भिंत घालू," तो म्हणाला. "डोळे उघडले की समोर नंदादेवी."

"तुम्ही उठायच्या आत ती उठून बसलेली असेल, साहेब," डुंगर म्हणाला. "तुमच्यासाठीच."

जैंतीने विळा खाली ठेवला नाही. "लला, गाडी काढ गवतावरून."

"काढतो, बोजी. आधी पाहुण्यांना चहा तरी विचारा."

"पाहुणे माझे नाहीत."

"जमीन तरी कुठे तुमच्या एकटीची आहे?" डुंगर हसत म्हणाला. हसण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. माणूस हसत हसत दुसऱ्याच्या घराचा पाया उपटायचा.

हे गवत, वरची बांजाची झाडं, खालचा गोठा, सगळं जैंतीने उभं केलेलं. ह्या धुरखोला गावात घरं बांधतात ती डोंगराच्या उन्हाच्या बाजूला. त्या बाजूने बर्फाची शिखरं दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत म्हणून कुणाचं जेवण अडलेलं नाही. सावलीच्या बाजूला ऊन पौष-माघात फिरकतही नाही. तिथे गवत होतं, बांज होतो, माणूस होत नाही. जैंतीचा नवरा खीमसिंग ट्रकसकट दरीत गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी सासऱ्याने खळ्यात बसून वाटणी केली. उन्हाची सगळी शेतं डुंगरला, राहतं घर आणि सावलीचा डोंगर थोरल्याच्या विधवेला. जैंती तेव्हा आत चुलीपाशी होती. बाहेर काय बोलणं झालं ते तिने ऐकलं नाही, तिला फक्त निकाल सांगितला. कागद कुणी केला नाही. खातं दोघा भावांच्या नावाने होतं, तसंच राहिलं.

मग तिने त्या सावलीत बांजाची रोपं लावली, काटेरी कुंपण घातलं, गाई पाळल्या, दुधावर पुष्करला शिकवलं. पुष्कर आता रुद्रपूरच्या कारखान्यात होता. डुंगरने आपली उन्हाची शेतं एकेक करून विकून खाल्ली. शेवटच्या शेतात आता कुणाचंसं हॉटेल होतं आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. आणि एवढ्यात जगाचं डोकं फिरलं. खालच्या मैदानातल्या लोकांना अंथरुणात पडून बर्फ बघायचा होता. उन्हापेक्षा सावलीचा भाव चढला, आणि डुंगरला जुनं खातं आठवलं.

"कागदावर आपण एक आहोत," तो म्हणाला. "प्रत्येक तुकड्यात माझा अर्धा हिस्सा. मी माझा अर्धा विकतोय, आणि तो मला ह्या कोपऱ्यात पाहिजे. विचारा पटवारीजींना."

"कागदावर आहे," पटवारी जमिनीकडे बघत म्हणाला.

"उन्हाची शेतं विकलीस तेव्हा माझा अर्धा कुठे होता?" जैंतीने विचारलं.

"तेव्हा तुम्ही मागितला नाहीत."

"मागायचा कशाला? वाटणी झाली होती."

"तोंडी वाटणी चालते," पटवारी म्हणाला, "पण साक्षीदार लागतो. कोण आहे हयात?"

हयात एकच होती. लछिमा, दोघा भावांची ईजा, म्हणजे आई, आत्ता काठी टेकत घराकडून वर येत होती. गाडी बघून निघाली होती. रोज जैंतीच्या हातची नाचणीची भाकरी खायची आणि रोज हल्द्वानीच्या लेकाचे गोडवे गायचे, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम होता. डुंगरने पुढे होऊन तिच्या हातात बालमिठाईचा डबा ठेवला.

"ईजा," जैंती म्हणाली, "सांगा ह्यांना. खळ्यात वाटणी झाली होती ना?"

म्हातारीने डब्याची दोरी चाचपली. लेकाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलंच नाही.

"मला नाही आठवत," ती म्हणाली. मग, कमी पडलं की काय असं वाटून, "वाटणी नाही झाली. अशी कुठली वाटणी?"

जैंतीला सकाळचं आठवलं. म्हातारी आपली दोन लुगडी आणि जपमाळ एका फडक्यात बांधत होती. विचारलं तेव्हा म्हणाली, असंच. आता उलगडा झाला. लेकाने हल्द्वानीला नेतो म्हणून सांगितलं असणार. हीटरची खोली, जावयासारखी खातिर. तेवढ्यावर म्हातारीने सुनेचा डोंगर विकला. जैंतीच्या अंगाची आग झाली. इतकी वर्षं ह्या बाईचे पाय चेपले, थंडीत हिच्या अंथरुणात शेगडी ठेवली, त्याचं हे फळ.

तिने विळा गवतात खोचला आणि ती घराकडे गेली.

"आता चहा येईल," डुंगर साहेबांना म्हणाला.

चहा आला नाही. जैंती बाहेर आली ती उजवी मूठ घट्ट मिटून, डोक्यावरचा पदर काढून, केस मोकळे सोडून. कुणाकडे न बघता ती त्यांच्यासमोरून वर चढली. वर खिंडीत गोलू देवाचं थान होतं. पांढरा दगडी कट्टा, घोड्यावर बसलेला देव, आणि भोवती जागा मिळेल तिथे टांगलेल्या घंटा.

डुंगरचं हसू गेलं.

"कुठे चालल्या त्या?" सबरवालने विचारलं.

"घात घालायला," पटवारी म्हणाला आणि नकळत एक पाऊल मागे सरला.

"म्हणजे?"

"देवाकडे फिर्याद. मुठीत तांदूळ आहेत. ज्याच्या नावाने देवापुढे टाकेल, त्याच्या घराला लागेल. कोर्टात पुढची तारीख तरी मिळते, साहेब."

सबरवाल हसायला गेला, पण त्याला साथ द्यायला कुणी हसलं नाही. डुंगर चढणीला लागला होता. हल्द्वानीत त्याच्या सुनेचे दिवस भरत आले होते. बोटातल्या चार अंगठ्यांपैकी तीन त्याने त्याच काळजीपोटी घातल्या होत्या. हा माणूस तहसीलदारापुढे डोळ्यांची पापणी न लववता खोटं बोलत असे. गोलूपुढे त्याची बोबडी वळायची.

"बोजी, ऐका. घरातल्या घरात घात घालतं का कुणी? तुमच्या पुष्करवरही येईल."

"वाटणी झाली असती तर घरं वेगळी, घात त्याच्यावर आला नसता," जैंती म्हणाली. "तूच म्हणतोस ना, आपण एक? मग येऊ दे. माझ्याही घरावर येऊ दे, तुझ्याही."

"आईच्यान, थांबा."

"कुणाच्या आईची शपथ घालतोस?"

तिने मूठ उचलली. "गोलू, तू बघतोयस. खळ्यात वाटणी झालीच नाही असं जो कुणी म्हणाला, त्याच्या..."

डुंगरने हातात आली ती घंटा धरली. ती वाजली, तिच्या धक्क्याने शेजारच्या दोन वाजल्या.

"मी नाही म्हणालो," तो घाईघाईने देवाला म्हणाला. "देवा, मी नुसता कागद दाखवला. कागद सरकारचा आहे. झाली नाही असं ईजा म्हणाली. शब्द तिचा आहे. जे काय असेल ते तिचं तिला लागो."

घंटा हळूहळू थांबल्या. पटवारी आणि सबरवाल खालच्या पायरीवर पोचले होते, आणि त्यांच्यामध्ये, पटवाऱ्याच्या हाताला धरून, लछिमा उभी होती. सुनेचे मोकळे केस पाहून तीही धडपडत वर आली होती, लेकाला वाचवायला. मिठाईचा डबा अजून तिच्या हातात होता.

"काय म्हणालास, डुंगरू?"

डुंगर वळला. "ईजा, तू बोलू नको. तुला काय होणारे आता? तुझं वय झालंय. माझ्या घरात लेकरू येतंय."

म्हातारीने खाली वाकून डबा पायरीवर ठेवला, जसं कुणाचं विसरलेलं सामान ठेवावं तसा.

"पटवारीजी," ती म्हणाली, "वाटणी झाली होती. भटाच्या शेंगांची मळणी चालू होती, बैल सोडायचे होते. म्हाताऱ्याने विचारलं, कुणाला काय द्यायचं. हा म्हणाला, मला ऊन द्या. म्हाताऱ्याने विचारलं, आणि थोरलीला? तर हा म्हणाला, रांडमुंडेला ऊन कशाला." तिने श्वास घेतला. "मी तेव्हाही गप्प बसले. माझाच लेक होता."

जैंतीची मूठ वरच होती. ते शब्द तिला आज पहिल्यांदा कळले. इतकी वर्षं ह्याच दिराला तिने दिवाळीला ओवाळलं होतं, घरचं तूप दिलं होतं. तिला वाटलं होतं, सावली वाट्याला आली ती नशिबाने.

"टाक," म्हातारी तिला म्हणाली. "माझ्या नावाने टाक. खोटं मी बोलले."

"बोजी," डुंगर म्हणाला, "नको."

पटवाऱ्याने फीत काखेत घट्ट दाबली. "देवापुढची साक्ष ऐकली मी," तो म्हणाला. "आता ही मोजणी माझ्या हातून होणार नाही. तुम्हाला ज्याला आणायचंय त्याला आणा." तो डुंगरच्या गाडीची वाटही न बघता पायी उतरू लागला.

सबरवाल खाकरला. शहरातल्या माणसाला कुठे थांबावं ते कळत नाही. "म्हणजे मालक तुम्हीच, ताई? मग तुमच्याशीच बोलतो. किंमत तुम्ही सांगा."

"पौषात या, साहेब," जैंती म्हणाली. "भर दुपारी या. माझ्या डोंगरावर ऊन कुठे पडतं ते शोधा. सापडलं की बोलू."

मग तिने हात खाली घेतला. तांदूळ टाकले नाहीत, सोडलेही नाहीत. पदराच्या टोकात घातले आणि गच्च गाठ मारली. डुंगर त्या गाठीकडे बघत राहिला.

घरी येऊन म्हातारीने फडक्यातली लुगडी पुन्हा खुंटीवर टाकली. जैंतीने भाकरी थापली, भटाची डाळ वाढली, ताट तिच्यापुढे सरकवलं.

"ते तांदूळ फेकून दे, ब्वारी," म्हातारी सुनेला म्हणाली.

"जेवा."

"माझ्यावर राग आहे?"

"आहे. जाणार नाही तो इतक्यात. जेवा, डाळ गार होतेय."

आठवडाही झाला नसेल, डुंगरचा फोन आला. नातू झाला होता. आवाजात आनंद होता, पण चोरून ठेवल्यासारखा.

"ऐकून बरं वाटलं," जैंती म्हणाली, आणि ते खरं होतं. पोराने तिचं काय बिघडवलं होतं?

"बोजी, ते तांदूळ..."

"आहेत."

"अजून गाठीतच?"

"गाठीतच. पटवाऱ्यापुढे बसून लिहून दे, वाटणी झाली आणि सावलीचा डोंगर माझा. तो कागद तू स्वतः आणून दे. मग बघू."

बारशाच्या आदल्या दिवशी डुंगर आला. गाडी त्याने खाली रस्त्यावरच ठेवली आणि गवताच्या कडेकडेने, काट्यांतून, चढत आला. जैंतीने कागद घेतला, सही आणि शिक्का पाहिला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत गाठ सोडून तांदूळ कोंबड्यांपुढे टाकले. डुंगरने सुटकेचा श्वास टाकला. तिने त्याला बस म्हटलं नाही, चहा विचारला नाही.

तो दारापाशी गेला आणि त्याने आत हाक मारली. "ईजा, उद्या बारसं आहे. न्यायला आलोय तुला. खोली तयार आहे."

आत जपमाळेचे मणी सरकत होते, ते बाहेर नीट ऐकू येत होतं. त्याने पुन्हा हाक मारली. मणी थांबले नाहीत.