नागमोडी टीप

“काकू, तुम्ही श्वास घेताय ना?” इस्पितळातल्या तंत्रज्ञ मुलीचा फोनवरचा आवाज घाबरलेला होता.

“न घेताच बोलतेय होय मी?” आई म्हणाली, आणि हसता हसता तिला खोकला आला.

तिच्या अंगात इस्पितळानं दिलेलं बनियन होतं. छातीभोवती त्यात चंदेरी धागा शिवलेला. श्वासागणिक तो ताणला जाई आणि तिकडे इस्पितळातल्या पडद्यावर आणि माझ्या मोबाइलवर रेघ वर-खाली होई. आठवडाभर रेघ नीट चालली, तर डॉक्टर तिला पुन्हा शिलाई मशीनवर बसू देणार होते. तिसऱ्याच दिवशी रेघ आडवी झाली होती.

“आई, हात लावलास ना?”

“टीप नागमोडी होती गं. शिकाऊ पोरीनं मारल्यासारखी. बघवेना. उसवली आणि सरळ घातली.”

“अगं, मुद्दाम वाकडी होती ती! ताणायला जागा हवी म्हणून!”

चाळीस वर्षं अर्ध्या शहराचे कपडे शिवून आई एका टिपेला चुकली होती. मग चष्मा चढवत म्हणाली, “आधी सांगायला काय झालं होतं? सुई आण.”

उरलेला धागा तिनं टाकला नव्हता. खिडकीशी बसून, हातानंच, तिनं एकसारखी वळणं घातली. जाता जाता बगलेत दोन बोटं आतही घेतलं.

थोड्या वेळानं पुन्हा फोन आला. “काकू, काय केलंत? आधीपेक्षा स्वच्छ येतेय रेघ!”

“ढगळ होतं. पुढच्या वेळी माप घ्यायला ये.”

दिवसभर ती माझ्या मोबाइलवर रेघ बघत बसली. शेजारणीला बोलावून म्हणाली, “हा बघ माझ्या हसण्याचा डोंगर. थांब, आणखी एक काढते.” दोघी डोळ्यांत पाणी येईस्तो हसल्या.

शेजारीण गेल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. तिनं शिवलेला नवा कपडा घालून मी आरशासमोर उभी राहिले, की पाहायची तसं. गळा मोठा झालाय, बाही तोकडी आहे, एवढंच मी जन्मभर सांगत आले होते.

“आता पुन्हा उसवू नकोस,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या झोपेतच ती गेली. टीप शाबूत होती.

पंधरा दिवसांनी बनियन परत द्यायला गेले. त्या मुलीनं ते टेबलावर पसरलं, वळणांवरून बोट फिरवलं. “नमुना म्हणून ठेवू का? पुढची अशीच शिवून घेऊ.”

मी होकारार्थी मान हलवली.

“फार सुंदर शिवतेस गं, आई,” मी म्हणाले. मोठ्यानं. ती मुलगी समोर होती, तरी.