सायकलवर होता म्हणून

माही बहीण इंदुताई गेली, हे त्या दिवशी अख्ख्या रस्त्याले माहीत होतं. माह्यासंग सायकल चालवणाऱ्या अभिषेकले माहीत होतं, फुकट बसा म्हणणाऱ्या जीपवाल्याले माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मले. तिचा सख्खा भाऊ नीळकंठ, पाटबंधारे खात्यातला रिटायर हेडक्लार्क, तो आपला उलट्या वाऱ्यात पायडल हाणून राह्यला होता, अन् दिसन त्याच्यावर खेकसून राह्यला होता.

बेत असा होता, यवतमाळहून रामेश्वरपर्यंत सायकलनं जाचं. वय साठ. बायको पोरीच्या बाळंतपणासाठी पुण्याले गेलती, म्हणून घरी अडवणारं कोणी नव्हतं. शेजारचा अभिषेक मास्तर, पस्तिशीचा, हैदराबादपर्यंत सोबत येणार होता. माही अट एकच. रामेश्वर येईपर्यंत दुसऱ्या कोणत्या वाहनाले बूड लावाचं नाही. हे मी कॉलनीत इतक्या बारीनं सांगितलं होतं, का लोक मले पाहून रस्ता बदलत.

पहिला मुक्काम इंदुताईकडे, उमरखेडच्या अलीकडे फाट्यावरून आत तिचं गाव. ताई माह्यापेक्षा चांगली मोठी. माय लवकर गेली, मले न्हाऊमाखू घालून शाळेत धाडणारी तीच. आमचं बाकी कोणी उरलं नाही, तिले माहेर म्हणून मी एकटाच. मी सायकलनं येतो म्हणलं, तं फोनवर आधी पोटभर शिव्या देल्या. म्हातारचळ लागला म्हणे तुले. मंग विचारलं, भरीत करू का रोडगे करू. मी म्हणलो, दोन्ही कर.

अंधारातच निघालो. आर्णीपर्यंत मजेत आलो. तिथं एका टपरीवर तर्री मारलेले पोहे खाल्ले, बाजेवर टांगा पसरल्या अन् डोळा लागला. चांगला ताणून झोपलो. उठलो तं अभिषेक फोन हातात धरून निंबाखाली उभा, तोंड उतरलेलं. काय झालं विचारलं, तं म्हणे काही नाही काका, ऊन लागलं.

ऊन कायचं? इंदुताईच्या पोराचा, कपिलचा फोन आलता त्याले. आई गेली, मामाले रस्त्यानं सांगू नका, कसंही करून जीपमधी बसवा. हे मले मागाहून समजलं. आमच्याकडे असंच करतात. माणूस वाटेवर असला का त्याले मरणाची बातमी कोणी देत नाही. तब्येत जराशी नरम आहे म्हणतात, सावकाश या म्हणतात. अन् बाई सवाष्ण गेली, तं माहेरचं लुगडं आंगावर पडल्याशिवाय तिले उचलत नाहीत. ते लुगडं मीच न्याचं होतं, अन् दिवस बुडाच्या आत न्याचं होतं. दिवस बुडाल्यावर तिच्या गावात माती करत नाहीत. तिकडे सारं गाव माही वाट पाहून राह्यलं होतं, अन् मी इकडे टायरची हवा तपासत होतो.

आर्णी सोडली अन् वारा फिरला, थेट छातीवर. फेब्रुवारीचा, पण मेल्यात धग होती. दोन्हीकडे कापूस वेचून झालेली पऱ्हाटी, कुठं नांगरलेली वावरं, अन् तिकून उठलेला फफुटा सरळ डोळ्यात. चढ आला का सायकल जागची हलेना. सगळ्यात हलका गियर टाकला तरी मांड्या भरून येत. उतार लागला तरी पायडल मारावाच लागे, एवढा वारा. मागच्या पिशव्यायचं ओझं वेगळंच. तोंडाले कोरड पडली, बाटलीतलं पाणी चहासारखं गरम झालतं.

त्यात अभिषेकची किरकिर. काका, तुमचं मागचं चाक लचकलं वाटते. काका, बीपीची गोळी घेतली का? काका, महागावपर्यंत जीप करू ना. दर बारीनं मी त्याले झापलं. पोरायले शिकवतं अन् पहिल्याच दिवशी फाटली? रामेश्वर काय बाजूच्या गल्लीत आहे? तो बाहीनं डोळे पुसे. मले वाटलं, फफुट्यानं झालं असन.

मंग एक जीप समोरून आली, वळली, अन् सायकलच्या चालीनं आमच्या बाजूनं चालाले लागली. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली. देवीलाल नाव त्याचं. बसा ना काका म्हणे, उमरखेडलेच चाललो, सायकली टपावर बांधतो, पैसे नका देऊ. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडचा कोणता जीपवाला पैसे नको म्हणते? माणसं कोंबल्याशिवाय या लोकायची गाडी हलत नाही, अन् हा रिकामी फिरवून राह्यला. मी त्याले तोंडावर चोर म्हणलं. सायकलीवर डोळा आहे तुहा म्हणलं. त्यानं हात जोडले अन् जीप मांगं घेतली. मांगंमांगं येतच राह्यला. मी वळून वळून त्याले शिव्या देत होतो, अन् तो बिचारा ऐकून घेत होता. कपिलनं धाडला होता तो.

महागावात शिरलो अन् पोटरीत असा गोळा आला, का सायकल सोडून एका दुकानाच्या पायरीवर बसलो. पाय सरळ होईना. अभिषेक म्हणे आलोच, अन् समोरच्या कापडाच्या दुकानात गेला. तिथून बाजूच्या बांगडीवाल्याकडे. परत आला तं हातात पिशवी. मी ओढून पाह्यली. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, हळदकुंकवाच्या पुड्या.

"कोणासाठी हे?"

"आईसाठी, काका."

त्याचा बाप जाऊन कितीक वर्षं झाली. तवापासून त्याच्या मायनं हिरवं आंगाले लावलं नाही, हातात काकण भरलं नाही, हे मले माहीत आहे, भिंतीले भिंत आहे आमची. मी त्याच्याकडे पाह्यलं. तो माह्याकडे पाहीना. मांगं जीप उभी, देवीलाल खाली उतरून मान घालून उभा.

"अभिषेक, आपली इंदुताई?"

त्यानं मान हलवली अन् भर रस्त्यात लेकरासारखा रडाले लागला.

दोघायनं मिळून मले जीपमधी बसवलं, सायकली टपावर गेल्या. रामेश्वर अन् माही अट, काही म्हणजे काही आठवलं नाही. पिशवी मांडीवर घट्ट धरली अन् रस्ताभर एकच म्हणत होतो, हाण बावा, हाण. देवीलालनं जीव तोडून हाणली.

आंगणात माणसं दाटीवाटीनं बसली होती, तिरडी बांधून तयार. दिवस झाडायच्या शेंड्यावर आलता. ताईचे मालक, बापूजी, भिंतीले टेकून बसले होते. मले पाहून उठाले गेले अन् परत बसले. बाया बाजूले झाल्या. त्यायनं माह्या हातून लुगडं घेतलं, ताईच्या आंगावर घातलं, बांगड्या भरल्या. मी पाय धरले. थंडगार होते. लगेच उचलली तिले, थांबाले वेळच नव्हता. त्यायच्याच वावराच्या कोपऱ्यात चिता पेटवून माती झाली.

माणसं पांगली, पांगता पांगता कोणी बोललं का ताईची तब्येत सकाळीच बिघडली होती, अन् माहं डोक्सं फिरलं. मी कपिलची गचांडी धरली. सकाळी काहून नाही सांगितलं? मी जीपनं आलो असतो, तिचं जितं तोंड पाह्यलं असतं. कोणत्या शहाण्यानं अक्कल शिकवली तुले, मामाले सांगू नको म्हणून?

"आईनं," कपिल म्हणे.

मी हात सोडला.

"सकाळी छातीत कळ आली तवाच मी फोन काढला होता, मामा. तिनं हात धरला. म्हणे, निळू सायकलवर हाये, भेदरून पडन कुठं, येऊ दे त्याचा त्याले. डॉक्टर नांदेडले न्या म्हणे. गाडी येईपर्यंत तिचं एकच, निळू कुठवर आला? मी खोटंच सांगत गेलो, आर्णी सोडली, महागाव सोडलं. शेवटी म्हणलो, फाट्यावर आले मामा. तं तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, दाराकडे पाह्यलं, अन् गेली."

मी वावराच्या धुऱ्यावर बसलो अन् मोठ्यानं रडलो. जिच्याशी भांडाचं होतं, तिले आत्ताच आग देऊन आलतो.