विचारून पेटवायची शेगडी

केल नोस्केनं पिकअपचा मागचा फळका पाडला आणि मॅलीच्या झाडाची मुळं धडाधड गावच्या हॉलच्या मागच्या दारात ओतली. एकेक मूळ संधिवात झालेल्या राक्षसाच्या गुडघ्याएवढं. पुढच्या सीटवर त्याची बायको नोलीन मांडीवर पर्स धरून बसली होती. दर मंगळवारी केल इथं यायचा तेव्हा ती गाडीतच बसायची. "हे तुझं प्रकरण आहे, मला त्यात ओढू नकोस," असं तिनं पहिल्याच मंगळवारी सांगून टाकलं होतं.

आवाज ऐकून फिलिपा बाहेर आली. वणव्यानंतर गावाला दोन गोष्टी मिळाल्या होत्या: पाण्याची नवी टाकी आणि ज्यांना त्या आगीचं ओझं झालं होतं त्यांच्याशी बोलायला फिलिपा. टाकी बरी होती. फिलिपाबद्दल अजून मतभेद होते.

"हे काय, केल?"

"लाकूड. नव्हतं तर सांगायचं ना, पोरी. अख्खा हिवाळा आपण दोघं डगले घालून कुडकुडतोय. म्हटलं शहरातली आहे, मागायला लाजत असेल."

फिलिपानं मुळांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "लाकूड आहे माझ्याकडे. मुद्दामच पेटवत नव्हते. जाळ बघणं तुम्हाला जड जाईल असं मीच ठरवून बसले. बाकी सगळं विचारते, नेमकं हेच विचारायचं राहिलं. चुकलं माझं."

बाकी सगळं ती विचारायचीच. खुर्ची कुठली हवी, दार उघडं की लोटलेलं, आज बोलायचं की नुसतं बसायचं. वणव्याबद्दल मात्र आपणहून एक अक्षर काढायची नाही. बाई कामचुकार आहे, असं केलचं सुरुवातीला ठाम मत झालं होतं. मग गप्पांत मेंढ्या झाल्या, फुटबॉल झाला, शेजाऱ्याचं कुंपण झालं, आणि एका मंगळवारी आपण रडतोय असं त्याच्या लक्षात आलं. तेव्हाही तिनं एवढंच विचारलं, थांबायचं का?

"म्हणजे मी तुझ्यासाठी गारठलो आणि तू माझ्यासाठी," केल म्हणाला आणि खोकला येईपर्यंत हसला.

मुळं घेऊन दोघं आत आली. पूर्वी नाचाच्या शनिवारी या खोलीत सपर, म्हणजे रात्रीचा चहा-फराळ, मांडलं जायचं. पुरुष बाहेर गाड्यांच्या डिक्क्यांपाशी बिअर घेऊन उभे. बँड थकला आणि चहाचा वास आला की मगच त्यांना नाच आठवायचा.

"लाकूड आमच्या शेतातून यायचं," केल शेगडीच्या पत्र्यावर हात फिरवत म्हणाला. "नांगरट झाली की आम्ही सगळी भावंडं मुळं वेचायचो. आई पुढे, आम्ही मागे. बोटं बधिर व्हायची. पण पोतं घेऊन इथं यायचं काम माझ्याकडे असायचं, ते मी कुणाला देत नसे. इथं पोरी पावाला लोणी लावत बसायच्या. त्यातली एक कधी मान वर करायची नाही. एकदा केली. म्हणाली, चिखलाचे पाय घेऊन कुठे आलास, बावळटा?"

"मग?"

"मग काय, लग्न केलं." त्यानं हात काढून घेतला. "रविवारी आमची पोरगी येतेय नोलीनला न्यायला. जनीन. ॲडलेडला. कायमची."

फिलिपानं हातातलं मूळ खाली ठेवलं.

"मी घरात झोपत नाही ना. छप्पर डोक्यावर आलं की छाती भरते. पिकअपमध्येच पडतो. ती म्हणते, रिकाम्या घराची राखण मी किती दिवस करू?"

"त्यांना आत यायचंय का, विचारू?"

"विचार. चावेल."

फिलिपा गाडीपाशी गेली, पण दारात आडवी आली नाही, चार हात लांब उभी राहिली. उघड्या दारातून केलला सगळं ऐकू येत होतं.

"नोलीन, तुम्हाला चहा इथं आणून देऊ, की आत येता? कुठं बसायला बरं वाटेल तुम्हाला?"

नोलीन तिच्याकडे बघत राहिली. वर्षभर दुकानात, पोस्टात, चर्चच्या पायरीवर गावानं तिला एकच प्रश्न विचारला होता: केल कसा आहे?

ती उतरली. आत आली, खोली न्याहाळली आणि दाराला लागून असलेल्या खुर्चीत बसली.

"ती माझी खुर्ची..." केल म्हणाला.

"बूट घालून झोपते मी," नोलीन म्हणाली. अंडी महाग झालीत हे सांगावं, त्या सुरात. "तेव्हापासून."

"बूट? पांघरुणात?"

"तुला काय पत्ता? तू गाडीत. आणि त्या दिवशी तू आगीच्या बंबावर, गाव वाचवायला. मी न्हाणीघरात बसून दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबत होते. तुला पदक दिलं ना, केल, त्या सदऱ्याला इस्त्री मीच केली."

केल गुडघ्यांची कुरकुर ऐकत शेगडीपुढे बसला. बारीक काटक्या खाली, वर मुळं, मध्ये हवेला वाट. काडेपेटी हातात घेऊन तो बायकोकडे वळला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं असलं काही तिला विचारलं नव्हतं.

"नोल, पेटवू?"

तिनं लाकडांकडे पाहिलं.

"आज नको."

"बरं."

काडेपेटी खिडकीत ठेवून तो उरलेल्या खुर्चीत बसला, डगला घट्ट ओढून. फिलिपानं घोंगड्या आणल्या, हव्यात का विचारलं. दोघांनाही हव्या होत्या. मग नोलीन बोलू लागली. केल मध्ये बोलला नाही. त्याला ते फार जड गेलं, पण बोलला नाही.

निघताना त्यानं तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं. ती चढली, पर्स मांडीवर घेतली, समोर बघत म्हणाली,

"पुढच्या मंगळवारी तू गाडीत बसायचंस. मी आत जाणार."

"पण रविवारी तर जनीन..." हे केलच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं आणि गाडी सुरू केली.